वस्तीतल्या संगीतशाळेतली मुलं तेरा-चौदाव्या वर्षी का गळतात?

मंद्रसप्तक

आमची संगीतशाळा रहिवाशांनी चालवलेली आहे. वर्गणी आणि देणग्या यांवर उभी. गायन, पेटी, तबला, बासरी आणि थोडंफार व्हायोलिन. ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढी फी द्यायची, नाही जमली तरी दार बंद होत नाही. मी तिथे गाणं शिकवते. अशा शाळांशी संबंध असलेल्या बऱ्याच जणांशी बोलले आणि सगळीकडे एकच चित्र दिसलं. सहा-सात वर्षांची मुलं धावत येतात, अलंकार घोटतात, चार-पाच रागांतले छोटे ख्याल शिकतात, प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देतात आणि तेरा-चौदाव्या वर्षी एकेक करून यायची बंद होतात.

विचारलं की उत्तर ठरलेलं. अभ्यास वाढला, वेळ नाही. मला हे पटत नाही, कारण हीच मुलं संध्याकाळी मैदानावर असतात. तिथे एक जण आला नाही की खेळ अडतो आणि बाकीचे त्याच्या घराखाली उभं राहून हाका मारतात. आमच्या वर्गात एखादी मुलगी आली नाही तर हजेरीपटावर फुली पडते, बाकी काही होत नाही. तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. लहानपणी हे जाणवत नाही. आई आणून सोडते, बाई कौतुक करतात, तेवढं पुरतं. पण त्या वयात पोचलं की आपण कुणाला तरी हवे आहोत का, हे मूल सगळीकडे तपासून पाहायला लागतं. आमच्या वर्गात त्याला त्याचं उत्तर ‘नाही’ असं मिळतं.

माझं म्हणणं असं, की गळती हा मुलांच्या आवडीचा प्रश्न नाही, आपल्या शिकवण्याच्या घडणीचा आहे. आपण दहा मुलांना एका खोलीत बसवतो आणि शिकवतो मात्र एकेकट्याला. एकाची पाळी चालू असताना नऊ जण ताटकळतात. मग वार्षिक कार्यक्रमात त्याच दहा जणांकडून एकच बंदिश एका सुरात म्हणवून घेतो. त्यातही एक आवाज कमी झाला तर कुणाला कळत नाही.

मला जाणकारांकडून हवंय ते हे: वेगवेगळ्या पातळीची मुलं एकत्र घेऊन, प्रत्येकाला खरं काम देऊन कसं शिकवता येईल? आवाज फुटलेल्या मुलग्यांचं काय करायचं? आणि परीक्षांचं स्थान काय असावं? सविस्तर लिहा, घाई नाही.

दोन_मुलांची_आई

फार जिव्हाळ्याचा विषय. थोरलीनं याच वयात सोडलं. वाचतेय.

तिहाई

मी तबला शिकवतो, तेव्हा तालापुरतं लिहितो. ‘वेगवेगळ्या पातळीची मुलं’ ही अडचण वाटते, पण तालात तीच सोय होते. साधा तीनताल घ्या.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

काल आलेलं मूल आणि चार वर्षं शिकलेली मुलगी, दोघांनाही यात काम आहे. नव्या मुलाकडे फक्त सम, म्हणजे पहिली मात्रा. हातात काहीही द्या, टाळ, घुंगरू, लाकडाचे दोन तुकडे. सोळा मात्रांत एकदाच वाजवायचं, पण ते चुकलं तर खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. दोन-तीन जण हातानं टाळी-खाली दाखवणार: १, ५, १३ ला टाळी, ९ ला खाली, म्हणजे टाळी न देता हात बाहेर फिरवायचा. काही जण पढंत करणार, म्हणजे बोल तोंडानं म्हणणार. ज्यांचा हात बसलाय ते पूर्ण ठेका वाजवणार.

सगळ्यात महत्त्वाचं काम मी मध्यम पातळीच्या मुलाला देतो: फक्त डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतलं डाव्या हाताचं, घुमणारं वाद्य. खाली नवव्या मात्रेला दाखवतात, पण तिथे बोल ‘धा’ आहे. घुमारा खऱ्या अर्थानं बंद होतो तो दहाव्या मात्रेला. दहा, अकरा, बारा, तेरा या चार मात्रा डग्गा गप्प आणि चौदाव्याच्या ‘धिं’ला तो परत येतो. ज्याच्याकडे एकटा डग्गा आहे त्याला या चार मात्रा हात उचलून थांबायचं असतं आणि नेमक्या जागी परतायचं असतं. पुस्तकात खालीची खूण शंभरदा पाहून जे कळत नाही ते इथे कानाला कळतं. खोलीतला आवाज अचानक हलका होतो आणि चौदाव्याला भरून येतो. सहा वर्षांच्या मुलांच्या माना तेव्हा आपोआप हलतात.

तो डग्गावाला मुलगा एक दिवस आला नाही, तर त्या दिवशी ताल अर्धा वाटतो आणि मुलं स्वतःहून विचारतात, आज तो कुठाय? तुम्ही म्हणताय ते ‘अडणं’ हेच असावं.

जवारी

धाग्यातली तळमळ कळते, पण मला काळजी वाटते ती लिहितो. मी गुरूसमोर बसून गाण्याच्या तालमीत वाढलेला माणूस आहे. समूहात खोटा सूर लपतो. वीस मुलं गातात तेव्हा पाच जण सुरात असतात, दहा त्यांच्या मागोमाग आणि पाच जण नुसते ओठ हलवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, छान चाललंय. ती मागची पंधरा मुलं तशीच मोठी होतात आणि पुढे एकटं गायची वेळ आली की उघडी पडतात. त्या वयात गळतीचं हेही एक कारण आहे. आपल्याला येत नाही हे त्यांना आधी कळतं, आपल्याला उशिरा.

वर साथीला पेटी. तंबोरा नीट मिळालेला असेल तर त्याच्या तारेतून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. षड्जाशी (सा) त्याच्या कंपनांचं नातं ५:४ असतं. पेटीचा गंधार त्याहून १४ सेंटनं चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका. मोठ्यांना कळतो तसा मुलांच्या कानालाही हा फरक कळतो, फक्त तो ऐकायची संधी मिळाली पाहिजे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवलं होतं. त्या बंदीबद्दल दुमत असू शकतं, पण लहान मुलांना पहिली दोन वर्षं पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून सूर शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. आधी तंबोरा, आधी एकेकाचा षड्ज. बाकी सगळं त्यानंतर.

वहीतली_बंदिश

जवारी, सुराबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तालीम म्हणजे एकट्याचं शिक्षण हे चित्र अपुरं आहे. गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणारा शिष्य मैफिलीतच शिकत असे. तंबोरा थांबला तर गाणं थांबेल, एवढी जबाबदारी त्याच्यावर असायची. गायला मिळायचं ते खूप नंतर. म्हणजे ‘याच्यावाचून अडतं’ ही जागा आपल्या परंपरेत होतीच. वर्गपद्धती आली तेव्हा ती हरवली.

वर्गपद्धतीला मी नावं ठेवत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा राजेरजवाड्यांच्या आश्रयाऐवजी लोकांच्या आधारावर संगीत शिकवायचं, हा विचार त्यामागे होता. ज्याच्या घरात गाणं नाही अशा मुलाला शिकायचं दार त्यांनी उघडलं. त्यासाठी स्वरलिपी केली, पाठ्यपुस्तकं लिहिली, इयत्ता आखल्या. भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय उभं राहिलं. आज आपली वस्तीतली शाळा चालते ती या दोघांच्या पुण्याईवर.

पण याच काळातलं तिसरं एक उदाहरण आपण विसरतो आणि या धाग्याला तेच सगळ्यात जवळचं आहे. मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास अनाथ मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला. मैहर बँड. ज्यांच्या घरी कसलंही संगीत नव्हतं अशी ती मुलं. बाबांनी त्यांना सतार, सरोद, व्हायोलिन, तबला शिकवलं, आणि बंदुकीच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीला कापून त्यांचं नलतरंग नावाचं वाद्यही केलं. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांना घडवणारा गुरू तितक्याच गांभीर्यानं या मुलांसाठी रचना करत होता. एकाच माणसानं एकीकडे कठोर तालीम दिली आणि दुसरीकडे वृंद घडवला. दोन्हींत विरोध असता तर हे झालं नसतं.

बाहेर पाहिलं तर न्यूयॉर्कमध्ये १८९४ साली आणि फिलाडेल्फियात १९०८ साली स्थलांतरितांच्या वस्त्यांत अशाच शाळा निघाल्या आणि त्या अजून चालू आहेत. व्हेनेझुएलात होसे अँतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये ‘एल सिस्तेमा’ सुरू केली. तिथे मूल जवळजवळ पहिल्यापासून वाद्यवृंदात बसतं आणि एकल शिक्षण त्याच्या जोडीनं चालतं. त्या पद्धतीतल्या कडक शिस्तीवर आणि वरून येणाऱ्या हुकमांवर अभ्यासकांनी टीकाही केली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. वृंद म्हणजे एका माणसाच्या काठीखाली सगळ्यांनी निमूट बसणं, असं होऊ द्यायचं नाही हे त्यातून घ्यावं.

मंद्रसप्तक

तिहाई, डग्ग्याची कल्पना या आठवड्यापासून सुरू करते. मनापासून आभार.

जवारी, ‘समूहात सूर लपतो’ हे तेव्हा खरं असतं जेव्हा सगळे एकाच वेळी तेच गातात. मी एक प्रकार करते तो सांगते. तंबोरा चालू. सगळ्यांनी हलक्या आवाजात षड्ज धरायचा आणि श्वास लागेल तसा आळीपाळीनं घ्यायचा, म्हणजे षड्ज तुटत नाही. मग एकाच मुलानं गंधारावर जायचं आणि थांबायचं. सूर लागत नसतो तोवर हवेत एक थरथर जाणवते, मुलांना ती लगेच ऐकू येते. तो मुलगा हळूहळू सरकतो आणि ज्या क्षणी गंधार जागेवर बसतो त्या क्षणी ती थरथर विरते. ‘बसला!’ असं बाकीची मुलं ओरडतात. मला काहीच सांगावं लागत नाही. मग पुढचं मूल. इथे कुणी लपू शकत नाही आणि तरीही कुणी एकटं पडत नाही, कारण बाकीच्यांनी धरलेल्या षड्जाशिवाय त्याला गंधार सापडणारच नसतो.

पेटीबद्दल तुमचं पटलं. आमच्याकडे ती सोय म्हणून आली आणि मुक्कामाला राहिली.

जवारी

हा षड्ज-गंधाराचा प्रकार उत्तम आहे. असं चालत असेल तर माझा आक्षेप बराचसा मागे घेतो. तरी प्रत्येक मुलाला आठवड्यात थोडा वेळ एकट्याचा मिळालाच पाहिजे, यावर मी अडून आहे.

पाच_पट्ट्या

मी शाळेत अगदी लहान मुलांना शिकवते, बहुतेक सगळी पाच ते आठ वयाची. कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराच्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्या लोकांना फार जवळची वाटेल. त्याच्या वर्गात लाकडी पट्ट्यांची झायलोफोनसारखी वाद्यं असतात आणि पट्ट्या सुट्या निघतात. सुरुवातीला मुलांपुढे वाद्य ठेवताना मध्यम आणि निषाद काढून ठेवतात. उरतं काय? सा रे ग प ध. आपला भूप राग.

हे का करतात ते कळलं की आपल्या वर्गातही वापरता येतं. सप्तकात शुद्ध ग-म आणि नि-सा या दोन जागी अर्धस्वर येतो. म आणि नि काढले की अर्धस्वर उरतच नाही, त्यामुळे कुणी कुठलीही पट्टी कुठल्याही वेळी वाजवली तरी कानाला टोचत नाही. आठ मुलं एकदम आपापलं काहीतरी वाजवू शकतात आणि ते एकत्र ऐकवतं. ‘चुकलास’ म्हणायची वेळच येत नाही आणि पहिल्याच दिवशी मूल स्वतःचं काहीतरी रचतं. एक गट सा-प असं संथ वाजवत राहतो, दुसरा गट विचारतो, तिसरा उत्तर देतो. हळूहळू त्यातून मुखडा सुचतो, मग मुलं तोच पुन्हा पुन्हा मागतात.

महागडी वाद्यं लागत नाहीत. पेटीच्या म-नि पट्ट्यांवर कागदाचा तुकडा चिकटवला तरी चालतं. (जवारींनी क्षमा करावी, पण खेळायला पेटी, सुराला तंबोरा, असं केलं तर?)

दोन_मुलांची_आई

एक प्रश्न विचारू का? संगीतानं बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असं पालकसभेत बऱ्याचदा सांगतात. थोरलीला ठेवताना मीही तेच ऐकलं होतं. यात तथ्य किती?

वहीतली_बंदिश

या समजाचा उगम बराचसा १९९३ च्या एका प्रयोगात आहे. ‘नेचर’ नियतकालिकात तो छापून आला. कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्सार्ट ऐकवला आणि आकृत्यांची कोडी सोडवण्यात थोडी वाढ दिसली. ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. त्यात लहान मुलं नव्हती, वाद्य शिकणं नव्हतं आणि पुढे अनेकांना तो परिणाम पुन्हा मिळालाही नाही. गाजावाजा मात्र तान्ह्या बाळांपर्यंत गेला.

मला वाटतं संगीतशाळेनं हे आमिष दाखवूच नये. गणितासाठी गाणं शिकायला घातलेलं मूल गणिताचा ताण वाढला की सर्वात आधी गाण्यातूनच काढलं जातं, कारण गणितासाठी थेट शिकवणी लावणं जास्त सोपं आहे. सूर लागण्याचा आनंद हे कारण पुरेसं आहे आणि ते पालकांसमोर ताठ मानेनं सांगावं.

श्रुतीभान

मी कानांच्या तपासणीचं काम करते, त्यामुळे वेगळा मुद्दा. वृंद करायचा उत्साह चांगला आहे, पण खोली पाहा. कामाच्या ठिकाणी आवाजाची जी मर्यादा मानतात ती साधारण ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. लादी आणि उघड्या भिंतींच्या छोट्या खोलीत चार तबले आणि दोन पेट्या एकदम वाजल्या तर हे आकडे लांब राहत नाहीत. जमिनीवर जाड सतरंजी, भिंतींना पडदे, तबल्यांचे गट आळीपाळीनं, एवढं करा. मुलं तासाभरात घरी जातात, शिक्षक संध्याकाळभर तिथेच असतात. तिहाई, तुम्ही तुमचे कान तपासून घ्या ही विनंती.

तिहाई

घेतो. हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पांढरी_दोन

आवाज फुटण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. गळती सर्वांत वाईट होते ती इथे, आणि ती टाळता येते.

मुलग्यांचा स्वरयंत्राचा सांगाडा त्या वयात वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज एकूण साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण दोन-तीन अर्धस्वरच, म्हणून तो लक्षात येत नाही. उतरण्याचा काळ सरळ रेषेत जात नाही. काही आठवडे वरचे सूर नाहीसे होतात आणि खालचे अजून आलेले नसतात. गाता येईल असा पट्टा पाच-सहा स्वरांवर येतो. मध्येच आवाज फाटतो. आणि नेमकं याच काळात आपण काय करतो? ‘सध्या आराम कर, आवाज बसला की ये’ असं सांगतो. तो परत येत नाही. कसा येणार? वर्षभर त्याच्या कानांवर आणि गळ्यावर संस्कारच नाहीत, मित्रमंडळी बदललीत, आणि सोबतच्या मुली कितीतरी पुढे गेल्यात.

गाणं थांबवायची गरज नसते. ओरडून गायचं नाही, वरचा सूर ओढून काढायचा नाही, दुखलं तर थांबायचं, एवढी पथ्यं पुरतात. आवाजात सतत खरखर राहिली, दुखत राहिलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. पट्टी, म्हणजे षड्ज कुठल्या उंचीवर धरायचा ते, दर काही आठवड्यांनी नव्यानं शोधायची. आपला षड्ज चल आहे हे आपलं केवढं भाग्य! तोच राग, तीच बंदिश, नवी पट्टी.

अडचण येते ती समूहात. मुली काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून गातात, हा मुलगा आता काळी एकच्या आसपास आलाय. दोघांना एकत्र कसं बसवायचं? इथे भूप कामाला येतो (पाच_पट्ट्या यांनी छान आठवण करून दिली).

काळी एकचा भूप लावा. पट्ट्या कुठल्या येतात? काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. आता याच पाच पट्ट्यांवर काळी चारला षड्ज माना. काळी चार सा, काळी पाच रे, वरची काळी एक म, काळी दोन प, पांढरी चार ध. सा रे म प ध. हा दुर्गा राग! मुलग्यांचा पंचम तोच मुलींचा षड्ज, मुलग्यांचा गंधार तोच मुलींचा धैवत. मुलगे भूप गातील, मुली दुर्गा गातील, आणि एकही सूर एकमेकांच्या बाहेर जाणार नाही. दोन तंबोरे घ्या, मुलग्यांचा पंचमात मिळवलेला, मुलींचा मध्यमात मिळवलेला. दोन्हींच्या तारांत काळी एक आणि काळी चार हेच दोन स्वर असतात, म्हणून ते भांडत नाहीत.

पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदी बांधली ती याच तत्त्वावर. स्त्री आणि पुरुष, दोघं आपापल्या पट्टीत, वेगवेगळे राग. मोठ्यांसाठी अभोगी आणि कलावती ही जोडीही अशीच जमते. मुलांच्या वर्गात भूप आणि दुर्गा पुरेसे आहेत, दोन्ही त्यांनी आधीच शिकलेले असतात.

ज्या मुलाचा आवाज फक्त पाच-सहा स्वरांचा उरलाय त्याला भूपातले सा रे ग आणि खालचा पंचम, एवढंच द्या. एक मुलगा आठवतो, सगळे हसतील म्हणून खोलीत मागे बसायचा. त्याला मी तो खालचा पंचम धरायला सांगितलं. मुली दुर्गा गायला लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला षड्ज हा खालून कुणीतरी उचलून धरलाय. तो थांबला की त्यांचं गाणं पोकळ वाटायचं. त्या वर्गात तो आवाज आणखी कुणाकडेच नव्हता. फुटलेल्या आवाजाचा मुलगा ही अडचण राहिली नाही, त्याच्यावाचून अडायला लागलं.

जवारी

हे मी स्वतः दोन तंबोरे लावून पाहिलं. सुरेख बसतं. माझ्याकडच्या दोन मुलग्यांना मी ‘थांब’ म्हणणार होतो, आता म्हणणार नाही. फक्त एक सांभाळा: भूप भूपासारखा आणि दुर्गा दुर्गेसारखाच चालला पाहिजे. सूर तेच म्हणून चलन, म्हणजे रागाची चाल, एक होऊ देऊ नका. मुलींच्या रे-म, म-रे या जागा स्पष्ट हव्यात.

पांढरी_दोन

अगदी. ते शिकवायलाही ही पद्धत चांगली आहे, कारण दोन्ही राग समोरासमोर ऐकू येतात.

खुंटी

वाद्यांची डागडुजी करतो, तेवढंच सांगतो. मुलाच्या हाताला न झेपणारं वाद्य हे गळतीचं लपलेलं कारण आहे. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं. मुलानं डावा हात लांब केल्यावर टोकाची गुंडाळी तळव्यात सहज यावी. बासरीत तर हमखास घोळ होतो. मोठ्यांची पांढरी तीनची लांब बासरी नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटांना पोचत नाही, भोकं पूर्ण झाकली जात नाहीत, हवा गळते, सूर फुसका निघतो आणि मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. आखूड, चढ्या पट्टीची बासरी द्या.

शाळेनं वाद्यांची देवघेव ठेवावी. मूल वाढलं की लहान वाद्य परत, मोठं घरी. ज्यांच्या घरात वाद्य नाही त्यांचा रियाज फक्त वर्गात होतो, आणि रोजची पंधरा मिनिटं आठवड्याच्या एका लांब बैठकीपेक्षा जास्त टिकतात. दुरुस्तीला मोठी मुलं हाताशी घ्या. तार बदलणं, खुंटीला खडू लावणं, तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवणं हे बारा वर्षांच्या मुलांना फार आवडतं.

मिंड

मी याच प्रकारच्या शाळेत शिकलो, आता कॉलेजात आहे. माझ्याबरोबरचे जवळजवळ सगळे सुटले, मी राहिलो. कारण वर खुंटी यांनी लिहिलं तेच आहे. मला तंबोरे लावायला शिकवलं होतं. वर्ग सुरू व्हायच्या आधी जाऊन मी तंबोरे मिळवून ठेवायचो. दोरा किती सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलते, हे मला सरांपेक्षा लवकर कळायला लागलं, तसं त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं. परीक्षेच्या अभ्यासाच्या दिवसांत गाणं बंद होतं, पण तंबोरे लावायला जात होतो. जायचंच असायचं, लहान मुलं वाट पाहत बसलेली असायची. तिथे गेल्यावर थोडं गायलाही व्हायचं.

परीक्षांबद्दल: मला त्या वाईट वाटल्या नाहीत. काय आलं पाहिजे हे लिहिलेलं असतं, ते बरं असतं. पण वर्षभर फक्त परीक्षेतलेच राग गायचे, याचा कंटाळा यायचा. एका वर्षाआड दिली असती तर चाललं असतं.

शाळेची_कार्यवाह

अशाच एका शाळेच्या कारभारात आहे. एक अवघड पण आवश्यक गोष्ट. एकट्याचा वेळ दिलाच पाहिजे असं जवारी म्हणतात, मान्य. पण तो बंद दाराआड नसावा. खोलीच्या दाराला काच हवी, नाहीतर दार उघडं हवं, आणि इमारतीत दुसरी मोठी व्यक्ती हवी. बसण्याची ढब, हाताची ठेवण सुधारताना मुलाला आधी विचारावं, शक्यतो स्वतः करून दाखवावं. शिक्षक आणि मूल यांच्यातले निरोप पालकांना दिसतील अशा ठिकाणीच जावेत. गुरूबद्दलचा आदर हा प्रश्न न विचारण्याचं कारण होऊ नये. नियम सगळ्यांना सारखे असले की चांगल्या शिक्षकांनाही मोकळं वाटतं. आमच्याकडे तसंच झालं.

दोन_मुलांची_आई

हे लिहिलंत, फार बरं झालं. धाकट्याला घालताना हेच विचारायचं होतं आणि संकोच वाटत होता.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे प्रतिसाद छापून शिक्षकांच्या बैठकीत नेले. काय ठरलं ते लिहिते.

दर आठवड्याच्या दोन तासांपैकी एक आता वृंदाचा. त्यात गायन, तबला, बासरी एकत्र. पहिली रचना भूप-दुर्गाचीच: लहान मुलं पाच पट्ट्यांवर, मुली काळी चारचा दुर्गा, आवाज उतरलेले चार मुलगे काळी एकचा भूप, तिहाईंच्या रीतीनं वाटलेला तीनताल खाली. दुसऱ्या तासात आळीपाळीनं एकेकाला शिकवणं, दार उघडं ठेवून, आणि बाकीची मुलं तेव्हा वाट पाहत न बसता मोठ्या मुलांबरोबर घोटतील. तंबोरे लावायचं काम बारा वर्षांच्या तिघांकडे दिलंय. पेटी कपाटात गेली नाही, पण सूर लावताना बंद. परीक्षा ज्याला हवी त्यानं द्यावी, वर्गाचा अभ्यासक्रम मात्र तिच्यावर ठरणार नाही. यावरून बैठकीत बराच वाद झाला. दोन शिक्षकांना अजून पटलेलं नाही, आणि त्यांची पालकांबद्दलची काळजी खोटी नाही.

ज्या मुलांनी सोडलं त्यांच्यापैकी काहींच्या घरी मी जाऊन आले. ‘परत ये’ असं म्हटलं नाही. ‘आम्हाला खालचा पंचम धरायला कुणी नाही’ असं सांगितलं. दोघं येऊन बसले.

एक अडचण आहे, तिहाई. दुर्गाची बंदिश मध्यलयीत आहे आणि लहान मुलांचा समेचा टाळ दर आवर्तनाला थोडा लवकर पडतो, त्यामुळे लय चढत जाते. काय करावं?

तिहाई

लय चढते कारण मुलं सोळा मात्रा मोजत नाहीत, आता येईलच असं वाटून आधीच हात टाकतात. टाळ काढून घेऊ नका. त्यांना आधी नववी मात्रा द्या: खालीला हात बाहेर फिरवायचा आणि डग्गा कधी परत येतो ते ऐकायचं. चौदाव्याचा ‘धिं’ ऐकला की मनात पंधरा, सोळा आणि मग टाळ. डग्गावाल्या मुलाला त्यांच्या समोर बसवा, पाठमोरा नको. त्याचा हात खाली येताना दिसला पाहिजे. लय थोडी उतरवून सुरू करा, आणि बंदिश गाणाऱ्या मुलींना सांगा की या आठवड्यात त्यांनी टाळाची वाट पाहायची आहे.